आठ हात फिल्म

आमच्या टॉकीजमध्ये रविवारी सकाळी जुनी चित्रं लागत. जुनी म्हणजे किती, तर त्यातले नायक एव्हाना नव्या चित्रांत बापाची कामं करू लागले होते आणि नायिका सासूची. मालकांचा तो नाद होता. बाकीचे टॉकीजवाले आठवडा संपला की चित्र परत पाठवून मोकळे होत. आमचे मालक मात्र बंद पडलेल्या कंपन्यांच्या प्रती मिळतील तिथून चांद्याला आणत आणि मागच्या खोलीत टिनाच्या डब्यांत साठवून ठेवत. उन्हाळ्यात त्या खोलीला वाळ्याच्या ताट्या लागत आणि दिवसातून चार वेळा त्यांच्यावर पाणी मारलं जाई. घरात मालकीणबाई पदरानं वारा घेत बसलेल्या असत. पुढच्या जन्मी मी टिनाचा डबा होणार आहे, असं त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत.

मी तिथे ऑपरेटर होतो. वय पंचविसाच्या आसपास, आणि स्वभाव जन्मजात काळजीचा. घरून निघालो की कडी लावली का, हे बघायला अर्ध्या वाटेवरून परत येणारा मी माणूस, आणि नशिबानं मला काम मिळालं ते जुन्या फिल्मचं. ती फिल्म बारुदीच्या जातीची. मशीनमध्ये अडकली आणि दिव्यापुढे दोन क्षण थांबली की पेटते, आणि नीट पेटली तर पाण्यानंही विझत नाही. केबिनमध्ये माझ्या पायाशी वाळूच्या चार बादल्या आणि ओलं पोतं असे. लोकांना रविवार सुट्टीचा वाटायचा, मला शनिवारपासूनच अन्न गोड लागत नसे.

सगळ्यांत जास्त धाक होता तो एका चित्राचा. वनवासातल्या राजपुत्राची गोष्ट. ते निघालं तेव्हा कंपनीवाले आलापल्लीच्या जंगलात येऊन महिनाभर राहिले होते, आणि गर्दीसाठी त्यांनी आसपासच्या गावांतली माणसं घेतली होती. सहाव्या रिळात राजपुत्राला पोचवायला ती सगळी माणसं सागाच्या झाडांमधून चालत जातात, पुढे ढोल वाजतो, मागे गाणं. चांद्यातल्या लोकांना हे आपलं जंगल म्हणून त्याचं फार अप्रूप. आणि आमच्या झाडीपट्टीतल्या माणसाला सवय नाटकाची. गाणं आवडलं की तो 'वन्स मोर' म्हणणार, आणि समोर नट आहे की कापड आहे याच्याशी त्याला देणंघेणं नाही. मालकांचा हुकूम होता, की मागितला तर वन्स मोर द्यायचा. मशीन एकच होतं, त्यामुळे दिवे लावायचे, रीळ उलटं गुंडाळायचं आणि पुन्हा चढवायचं. दर वेळी त्या जुन्या फिल्मच्या कडेची भोकं थोडी अजून फाटत. हे मी मालकांना सांगितलं, तेव्हा ते म्हणाले की चित्रं काय डब्यात ठेवायला आणली आहेत.

होळीनंतरच्या रविवारी लोकांनी तीनदा वन्स मोर घेतला. तिसऱ्या वेळी ढोलाच्या जागी फिल्म अडकली. पडद्यावर मधोमध तपकिरी डाग उमटला, पसरला, आणि मी झडप टाकून दिवा अडवेपर्यंत फिल्मच्या दोन चौकटी जळून गेल्या होत्या. जळल्या दोनच. पण भीतीच्या भरात मी नीट बघितलंच नाही. पुढची भोकं फाटलेली दिसली, त्याच्यापुढची चिरलेली वाटली, आणि पुन्हा कधी इथे अडकू नये म्हणून मी पार चांगली जागा येईपर्यंत कापत गेलो. कोपरापासून बोटापर्यंत मोजली तर आठ हात भरली. पडद्यावर ते सात-आठ सेकंद. मी जोड दिला, खेळ पुरा केला, आणि कोणाच्या लक्षातही आलं नाही.

मालकांचा नियम होता, की कापलेला तुकडा केवढाही असो, त्याच डब्यात घालून ठेवायचा आणि त्यांना सांगायचं. मी सांगितलं नाही. आठ हात का, याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. त्यात माझी जोड द्यायच्या सिमेंटची बाटली रिकामी होत आली होती. ते सिमेंट आम्ही ऑपरेटर घरीच करत असू. जुना तुकडा गरम पाण्यात घालायचा, अंगठ्यानं घासायचा, चित्र सुटून पाण्यात जातं आणि उरते ती काचेसारखी स्वच्छ पट्टी. तिचे बारीक तुकडे करून ॲसिटोनच्या बाटलीत टाकले की रात्रभरात विरघळतात. माझी आठ हात फिल्म मी तशीच धुऊन त्या बाटलीत टाकली. पुरावा गेला आणि बाटली भरली, एवढंच तेव्हा मनात आलं. थोडं हायसंही वाटलं.

मे महिन्याच्या शेवटी एक नाकेदार मालकांकडे आला. हा जंगलखात्याचा माणूस पूर्वी एटापल्लीकडे नाक्यावर होता. हिवाळ्यात त्यानं ते चित्र आमच्याकडे पाहिलं होतं, आणि त्यातल्या ढोलवाल्याला ओळखलं होतं. एटापल्लीच्या आतल्या एका गावचा तो माणूस. कंपनीचं काम आटोपलं त्याच पावसाळ्यात तापानं गेला. बायकोच्या पोटात तेव्हा मूल होतं, ते मूल आता अठरा वर्षांची पोर झालं होतं. तिच्या बापाचा फोटो नाही, चित्र नाही, काही नाही. पोरीचं लग्न ठरलं होतं आणि ती भामरागडच्याही पलीकडे जाणार होती. त्याआधी आईला तिला बाप दाखवायचा होता. तेंदूपानाचं काम संपलं की पुढच्या रविवारी दोघी येतील, तर तेव्हा ते चित्र लावाल का, एवढंच नाकेदाराला विचारायचं होतं. त्याची बदली सिरोंचाकडे झाली होती, म्हणून तो आधीच सांगायला आला होता.

मालकांच्या डोळ्यांत पाणी आलं. इतकी वर्षं लोक मला वेडा म्हणतात, ते आता बघा म्हणावं, असं ते म्हणाले आणि माझ्याकडे वळले. सहावं रीळ ठीक आहे ना, असं त्यांनी विचारलं. मी ठीक आहे म्हणालो. माझ्या तोंडून ते इतक्या सहज गेलं की मलाच ऐकून घाम फुटला.

तो आठवडा मी कसा काढला ते माझं मला माहीत. भाकरीचा घास तोंडात फिरत राही. बायकोला वाटलं मला ऊन लागलं, तिनं कैरीचं पन्हं पाजलं. रात्री पडल्यापडल्या मी युक्त्या शोधायचो. दिव्याचे कार्बन संपले म्हणून सांगावं. मशीनचा पट्टा तुटला म्हणावं. बिजली जावी म्हणून मी देवालाही विनवलं, आणि मग वाटलं की बिजली गेली तर त्या पुढच्या रविवारपर्यंत थांबतील, गरीब माणसं, उपाशी राहतील. आणखी कुठे या चित्राची प्रत असेल का? कंपनी केव्हाच बुडाली होती, आणि जुन्या प्रती वितळवायला बांगड्यांच्या कारखान्यात जातात हे मला मालकांनीच सांगितलं होतं.

गुरुवारी दुपारी दार लावून मी सहावं रीळ काढलं आणि भिंगाखाली धरून एकेक चौकट पाहिली. माझ्या जोडाच्या अलीकडे राजपुत्र हात जोडतो. पलीकडे माणसं चालत असतात, पण निम्मी पुढे निघून गेलेली. ढोल नाही. ढोलाचा एक कोपरासुद्धा नाही. उरलेली माणसं मी मोजली, एकोणीस निघाली, त्यातली बरीचशी पाठमोरी. तेवढ्यात कोणीतरी दार वाजवलं आणि मी फिल्म अशी गुंडाळली, जशी चोरून आणलेली. मालकांना तेव्हाच सांगून टाकायचं होतं. पण शुक्रवारी त्यांना नागपूरहून तार आली, थोरल्या भावाला बरं नव्हतं, आणि ते संध्याकाळच्या गाडीनं गेले. जाताना म्हणाले, त्या बाईला मधल्या रांगेत बसव, आणि मागितला तर वन्स मोर दे.

रविवारी सकाळी सात वाजता मी टॉकीज उघडायला गेलो तर त्या दोघी फाटकाशी बसलेल्या. आलापल्लीपर्यंत बैलगाडी, तिथून लाकडाचा ट्रक, आष्टीला वैनगंगा पायी ओलांडली आणि गोंडपिपरीहून मोटार, असा तीन दिवसांचा प्रवास करून त्या आल्या होत्या. आई पन्नाशीची असेल, अंगानं काटक, कपाळावर आणि हातांवर गोंदण. मराठी ती तोडून तोडून बोले. पोरगी आश्रमशाळेत चार बुकं शिकलेली होती, ती आमच्यासारखंच बोलायची. त्यांच्याजवळ मोहफुलांचं एक गाठोडं होतं, ते आईनं माझ्या हातात दिलं. घ्यावं की नाही हे मला कळेना. शेवटी मी ते केबिनमध्ये नेऊन ठेवलं, आणि पूर्ण खेळभर त्याचा वास माझ्या नाकात होता.

बाकी पंधरा-वीस लोक होते, नेहमीचेच. पाच रिळं गेली. दर रिळानंतर दिवे लागले की मी केबिनच्या भिंतीतल्या भोकातून खाली बघायचो. आई ताठ बसलेली, पोरीचं मनगट घट्ट धरून. ती आयुष्यात पहिल्यांदा सिनेमा पाहत होती, पण राजवाडा, राणी, राक्षस यांतलं काहीच तिला शिवत नव्हतं. ती वाट बघत होती. सहावं रीळ चढवताना माझ्या हातून ते दोनदा निसटलं. गाणं सुरू झालं, राजपुत्रानं हात जोडले, पडद्यानं हलकी उडी मारली, आणि एकोणीस माणसं सागांमधून चालत निघून गेली. त्या दिवशी का कोण जाणे, कोणी वन्स मोर म्हणालं नाही.

खेळ संपला, लोक गेले. मी मशीन पुसत उभा राहिलो, पुसून झालेलं पुन्हा पुसत. लाकडी जिन्यावर पावलं वाजली. दोघी दारात आल्या. आईनं मशीनकडे, बादल्यांकडे, माझ्याकडे पाहिलं.

"ढोलवाला नाई आला," ती म्हणाली.

मी एका दमात सांगितलं. फिल्म अडकली, पेटली, तेवढा भाग मी कापला. पोरीनं आईला गोंडीत समजावलं. आईला कापणं म्हणजे काय ते कळेना, म्हणून मी तिच्या हातात फिल्मचं टोक दिलं. तिनं ते उजेडात धरलं, चौकटीतली मुंगीएवढी माणसं पाहिली आणि विचारलं की कापलेलं कुठी आहे. जळलं, असं मी सांगितलं. बाटली फळीवर तिच्या डोक्यामागेच होती. मला वाटलं आता ती रडेल, शिव्या देईल, आणि खरं सांगतो, दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

ती खाली बसली. मग म्हणाली, "तू त्याले पाह्यलं होतं ना भाऊ? किती डाव पाह्यलं असशीन. तूच सांग हिले. कसा होता हिचा बाप?"

पोरगी माझ्याकडे बघू लागली. तिच्याइतक्या आशेनं माझ्याकडे त्याआधी कोणी बघितलं नव्हतं आणि नंतरही नाही. ते रीळ मी तीस-पस्तीस वेळा तरी चालवलं असेल. पण ऑपरेटर चित्र कुठे बघतो? मी कार्बनची ज्योत बघत असे, फिल्मचा वळसा बघत असे, कान मशीनच्या आवाजाला लावलेले. ढोलाची जागा मला पक्की ठाऊक होती, ती भोकं फाटलेली जागा म्हणून. भिंगाखाली धरली असती तरी भोकंच दिसली असती. त्या माणसाला दाढी होती का, तो उंच होता का, मला काही सांगता येईना. आणि मी पाहिलं नाही, असं म्हणायची माझी हिंमत झाली नाही. आधी त्यांचा माणूस मी घालवला होता, वर बघितलाही नाही हे कोणत्या तोंडानं सांगणार?

"हसत होता," मी म्हणालो. "ढोल वाजवताना हसत होता. चांगला तरणाबांड."

आईनं मान वर केली. "दात दिसत होते?"

"हो तर. चांगले पांढरेशुभ्र."

दोघी एकमेकींकडे बघू लागल्या. मला वाटलं मी बरोबर बोललो, अजून थोडं बोलावं, म्हणून मी त्याच्या डोक्याला मोरपीस होतं असंही जोडून दिलं. मग आई पोरीशी गोंडीत बोलायला लागली, हळू आणि मग भराभर, आणि तिचा चेहरा उजळत चालला. पोरीनं मला मराठीत सांगितलं, "बाबाले समोरचे दोन दात नव्हते. मोहोळ काढाले झाडावर चढला होता, तवा पडला. तवापासून तो चारचौघात तोंड उघडून हासेच नाई. आई म्हणते, मंग तो ढोलवाला दुसराच कोणी होता. नाकेदाराले धोका झाला."

"माहा कापला नाई," आई म्हणाली. "माहा आतच असन. पुन्हा लाव."

खरं सांगायला तो क्षण होता. तोंड उघडलंही मी. पण ती पोरीला ओढत जिना उतरूनसुद्धा गेली होती. मी रीळ उलटं गुंडाळलं. बाहेर ऊन रणरणत होतं, केबिनचा पत्रा तापला होता आणि मशीन आधीच तापलेलं. एक हात झडपेवर ठेवून मी ते चालवलं. एकोणीस माणसं गेली. मी मशीन थांबवलं, गुंडाळलं, पुन्हा चालवलं. रिकाम्या टॉकीजमध्ये त्या दोघीच. तिसऱ्या वेळी जोडाच्या पुढे फिल्म किरकिरली, मी झडप टाकणार, तोच ती सुटली. मी भोकातून ओरडून सांगितलं की आता बस, पेटेल. आईनं मागे वळून फक्त एक बोट वर केलं. अजून एक डाव.

चौथ्या वेळी ती उठली आणि थेट पडद्यापाशी गेली. माणसं चालत आली. शेवटून तिसरा एक माणूस होता, खांद्यावर कावड, झाडाआड जाता जाता जरासा मागे वळणारा. तोंड मिटलेलं. ते मिटलेलं असायचंच, कावड वाहणारा कोणता माणूस हसतो? तिनं हात उंचावून त्याच्यावर ठेवला. तिच्या हातावरूनच तो चालत गेला.

"तो पाह्य," ती म्हणाली. "तो तुहा बाप."

पोरगी धावत गेली, पण तोवर तो झाडाआड गेला होता. मग तिच्यासाठी मी पाचव्यांदा लावलं. या वेळी ती पडद्याला नाक लागेल इतकी जवळ उभी होती, आणि आई तिच्या कानाशी बोलत होती. तो कसा चाले, कुठल्या खांद्यावर ओझं घेई, जेवायला बसला की कसा बोलायचा नाही, असं काय काय असावं. पोरगी स्वतःच्या मानेला हात लावून बघत होती. तिच्या आईला तो माणूस खरंच आपला नवरा वाटला, की पोरीला रिकाम्या हातानं न्यायचं नाही म्हणून तिनं एक निवडला, हे मला त्या दिवशी कळलं नाही. इतक्या वर्षांत मी ते पुष्कळ वेळा घोळवलं, पण कळलेलं नाही. मला कळतं ते एवढंच, की तिचा बाप मी अंगठ्यानं घासून पाण्यात सोडला होता, आणि त्याच्या जागी कोणा परक्या माणसाला पोर डोळे भरून बघत होती, आणि ते माझ्या एका थापेमुळे.

त्या निघाल्या तेव्हा मी फाटकापर्यंत गेलो. मोटार दोनला होती. मी पोरीला लग्नाबद्दल विचारलं, तर ती लाजली. चार पावलं गेली आणि परत आली. आईला ऐकू जाऊ नये अशा बेतानं म्हणाली, "भाऊ, हा तरी जपसान ना? कावडवाला?"

मी हो म्हणालो. त्यानंतर त्या टॉकीजमध्ये मी अकरा वर्षं काढली, आणि कावडवाल्याची एक चौकटही जाऊ दिली नाही.